‘फोटो सौजन्य : इंटरनेट’ म्हणजे नक्की कोण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ऑनलाइन गेमिंगवर पानभर लेख होता तो वाचला. खरं तर आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याचं कात्रण आधी आलं आणि खालोखाल चार जणांनी मलाच टॅग केलं, कारण रात्री दहाला मी लॅपटॉप घेऊन बसते हे आता अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक आहे. लेखात रमी, पैसे लावायचे गेम, मुलांचं व्यसन आणि खोटी नावं घेऊन रात्र रात्र चॅट करणारे आम्ही रोलप्लेवाले असं सगळं एकाच टोपलीत घातलंय. पैशांच्या ऑनलाइन गेम्सवर बंदीचा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला, त्याबद्दल मला काही बोलायचं नाही. आमच्याकडे पैसे लावत नाहीत हो. झोप जाते तेवढीच.

पण माझी तक्रार लेखाबद्दल नाहीच आहे, लेखावर जे मोठं चित्र होतं त्याबद्दल आहे. हातात कंदील, डोक्यावरून घोंगडी घेतलेली मुलगी, मागे धुकं, फार सुंदर चित्र, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात "फोटो सौजन्य : इंटरनेट". एरवी मी हसून पान उलटलं असतं. पण नेमक्या ह्याच गोष्टीवरून दोन वर्षांपूर्वी माझी चांगलीच फजिती झालीये, म्हणून लिहायला बसले.

आधी आम्ही काय करतो ते सांगते, कारण लेखावरून काहीच कळत नाही. आम्ही सात जण आहोत. डोंबिवली, पुणे, सातारा, म्हापसा, बेंगळुरू, एक जण न्यू जर्सीत, आणि खेळ चालवणारा दादा नागपूरचा, ज्याने समुद्र फक्त सुट्टीत पाहिलाय आणि तरी हट्टाने गोष्ट समुद्रावरची घेतलीये. कान्होजी आंग्रेंच्या काळातला कोकणकिनारा, कुलाबा-खांदेरीचे किल्ले, गुराबा आणि गलबतं अशी तेव्हाची जहाजं. प्रत्येकाचं एक पात्र. मी माझ्या पात्राचं बोलणं-वागणं लिहायचं, तुम्ही तुमच्या, आणि वारा फिरला का, तोफ फुटली का हे दादा फासे टाकून सांगणार. डिस्कॉर्ड नावाच्या चॅटच्या अॅपवर चालतं हे सगळं, मराठीत, टाइप करून. न्यू जर्सीवाला उन्हाळ्यात दुपारी साडेबाराला डबा खात खात खेळतो, आणि नोव्हेंबरात त्यांची घड्याळं एक तास मागे गेली की आमचे रात्रीचे दहा म्हणजे त्याचे सकाळचे साडेअकरा, मग त्याला मीटिंगमधून चोरून लिहावं लागतं. मी स्वतः अर्धं लिखाण सकाळच्या फास्ट लोकलमध्ये करते, ठाण्यापर्यंत उभ्याने, एका अंगठ्याने.

सासूबाई कुडाळकडच्या. त्यांना समजावताना मी म्हटलं, आई, दशावतारात कसं लिहिलेलं नाटक नसतं, कथा ठरलेली पण संवाद उभ्या उभ्या सुचतील तसे, तसंच आहे हे, फक्त आम्ही टाइप करतो. त्यांना पटलं. लगेच पटलं. मग विचारलं, "आणि पैशे कोण देता तुका?" ह्यावर अजून उत्तर सापडलेलं नाही.

हा प्रकार नवीन पण नाहीये. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन ह्यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स आला तो टेबलाभोवती बसून खेळायचा. १९७८ मध्ये इंग्लंडला एसेक्स युनिव्हर्सिटीत रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल ह्या विद्यार्थ्यांनी कॉम्प्युटरवर मड नावाचा खेळ बनवायला घेतला, एकही चित्र नाही, नुसते शब्द, आणि एकाच वेळी बरेच जण त्यात शिरू शकायचे. आमचं जे चालतं ते त्याच घराण्यातलं.

आणि ह्या घराण्याचा पहिला नियम असा की दुसऱ्याचं पात्र तुम्ही हलवायचं नाही. मी लिहिणार, "गंगूने कोयता उगारला." तो लागला का, लागला तर ओरडला का पडला, हे समोरचाच लिहिणार. मी परस्पर "आणि त्याचा हात तुटला" असं लिहून टाकलं तर त्याला गॉडमॉडिंग म्हणतात आणि तिथल्या तिथे ओरडा बसतो. ऐकायला बारीकसं वाटतं, पण १९९३ मध्ये लॅम्डामू नावाच्या असल्याच एका शब्दांच्या जगात एका माणसाने प्रोग्रॅमची ट्रिक वापरून दुसऱ्यांच्या पात्रांकडून जबरदस्तीने घाणेरडे प्रकार करवून घेतले, सगळ्यांच्या समोर, नुसत्या शब्दांत, आणि ज्यांची पात्रं होती त्यांतली एक बाई खरीखुरी रडली. त्यावर तिथे खूप भांडणं झाली, त्याचं अकाउंट उडवलं, पुढे सभासदांनी मतदान करून नियम ठरवायची पद्धत आली. "अनोळखी लोकांत काही मर्यादाच नसतात" असं लेखात एक वाक्य आहे म्हणून हे सांगितलं. आमच्याकडे नवीन माणूस आला की आधी विचारतो, तुला गोष्टीत काय अजिबात नको? आणि चालू खेळात कोणीही नुसतं "क्ष" टाइप केलं की सीन तिथे थांबतो, का म्हणून कोणी विचारत नाही. एकदा पटकीच्या साथीच्या सीनमध्ये पुणेवालीने क्ष टाकला. आम्ही गोष्ट पुढच्या पौर्णिमेला नेली. का ते मला आजही माहीत नाही.

आता माझ्या फजितीकडे येते. गंगू म्हणजे माझं पात्र, गलबतावरची तांडेल, नवरा वादळात गेल्यावर बोट हिने हातात घेतली, पन्नाशीची, एक डोळा जरा बारीक. हिला चेहरा पाहिजे म्हणून मी पिंटरेस्टवर, म्हणजे लोक जिथे कुठकुठली चित्रं आणून चिकटवतात त्या साइटवर, एक चित्र शोधलं, उन्हाने रापलेली म्हातारी, कानात जड वाळी, मानेवर जखमेची खूण, तंतोतंत गंगू! क्रॉप केलं आणि लावलं. दोन वर्षं ते चित्र माझ्या प्रत्येक पोस्टला होतं. एवढंच नाही तर मी मानेवरच्या खुणेची एक गोष्ट पण रचली, ती ग्रुपमध्ये गाजली, आणि हुरूप येऊन मी ती चित्रासकट माझ्या इन्स्टाग्रामवर टाकली.

आठवड्याभरात पोलंडहून एका बाईचा मेसेज. अगदी सभ्य भाषेत. हे माझं पात्र आहे, मी सहा वर्षं हिला खेळतेय, हे चित्र मी पैसे देऊन एका आर्टिस्टकडून काढून घेतलंय, ती खूण तिच्या बहिणीने केलेल्या वाराची आहे. तुम्ही हिला काय नाव दिलंय?

संपादक महोदय, चोरीचं सामान हातात असताना मालक दारात उभा राहावा आणि त्याने चोराला विचारावं, बरं वापरताय ना, असं वाटलं मला. दुसऱ्याच्या पात्राचा हात हलवला तर आम्ही ओरडतो, आणि मी तर अख्खं पात्र उचलून आणलं होतं! बरं, तोपर्यंत मला खरंच वाटायचं की पिंटरेस्टवर आहे म्हणजे सगळ्यांचं आहे, जसं तुमच्या पुरवणीला वाटतं की इंटरनेट नावाचे कोणी सद्गृहस्थ आहेत आणि त्यांचं सौजन्य मोठं आहे.

चित्र काढून टाकलं, तिची माफी मागितली, आर्टिस्टला पण लिहिलं. मग दीड महिना गंगू बिनचेहऱ्याची, नुसता करडा गोल. शेवटी सगळ्यांनी वर्गणी काढली, ४,००० रुपये जमले, आणि रत्नागिरीकडची एक मुलगी कमिशन घेते, म्हणजे पैसे घेऊन सांगाल ते चित्र काढून देते, तिला विचारलं. निम्मे पैसे आधी, निम्मे नंतर, तीन आठवडे लागतील. मला वाटलं वर्णन पाठवलं की चित्र येईल. आलं काय तर प्रश्न! लुगडं काष्ट्याचं ना? मग बसताना गुडघा दिसेल, चालेल? वल्हं मारायची का सुकाणूवर असायची, कारण घट्टे वेगळ्या ठिकाणी पडतात. दोरखंड ओढणारीच्या बोटांच्या आतल्या बाजूला पडतात, तळव्याच्या वरच्या कडेला. माझे मामा मच्छीमार आहेत, त्यांचे हात बघून सांगते, थांबा. आणि मग तिने मामांच्या हातांचे चार फोटो पाठवले, एका करंगळीचं पेर नव्हतं. ते पेर आता गंगूचंही नाही. त्यावरून पुढे गोष्टीत तीन आठवडे गेले.

पैसे देतानाच तिने लिहून दिलं होतं, डिस्कॉर्डवर, इन्स्टावर लावा, खाली माझं नाव टाका, टीशर्टवर छापायचं असेल तर परत विचारा. एवढंच. स्टॅम्पपेपर नाही काही नाही.

तुम्ही म्हणाल आता एआय आहे, चार हजार कशाला. आमच्यातपण हे झालं. साताऱ्याचा मुलगा १९ वर्षांचा, खिशात पैसे नाहीत, त्याने करडा गोल बघून बिचाऱ्याने माझ्यासाठीच एआयवर गंगू काढून दिली. बघून आम्ही हसून हसून मेलो, साडी बंगाली पद्धतीची, बोट म्हणजे तीन डोलकाठ्यांचं स्पॅनिश जहाज, वल्हं एकही नाही, आणि हाताला बोटं सहा. आता बोटं सुधारलीयेत म्हणतात. पण प्रश्न बोटांचा नव्हताच. स्टेबल डिफ्यूजन नावाचं चित्रं काढणारं एआय २०२२ मध्ये आलं ते इंटरनेटवरून गोळा केलेली प्रचंड चित्रं वापरून शिकवलेलं, त्या चित्रकारांना कोणी विचारलं नव्हतं. म्हणजे मी एका बाईचं चित्र उचललं, इथे सगळ्यांचंच. डंजन्स अँड ड्रॅगन्सवाल्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीच्या एका पुस्तकात ऑगस्ट २०२३ मध्ये असंच निघालं, एका चित्रकाराने एआयचा हात फिरवला होता, खेळणाऱ्यांनीच ते पकडलं आणि कंपनीला जाहीर करावं लागलं की चित्रकारांसाठीचे नियम बदलतो.

इथपर्यंत मी आमच्या लोकांच्या बाजूची. पण त्याच मुलाने तेच चित्र एका मोठ्या ग्रुपवर गंमत म्हणून टाकलं तर तिथल्या शे-दीडशे लोकांनी त्याला इतकं सोललं, स्क्रीनशॉट काढून चार ठिकाणी फिरवले, त्याच्या कॉलेजचं नाव शोधून काढलं, की पोरगा दोन महिने खेळायला आला नाही. आणि ह्यातल्या कितीतरी जणांच्या स्वतःच्या प्रोफाइलला पिंटरेस्टवरून उचललेली चित्रं! मी मोजली. पहिल्या वीस जणांत अकरा. नीतिमत्ता शिकवायची तर आधी स्वतःचा डीपी बघावा माणसाने, असं मी तिथे लिहिलं आणि मलाही ब्लॉक केलं. असो.

मुलगा परत आलाय. आता चित्र काढायला शिकतोय, फार वाईट काढतो, पण ते आम्ही लावतो.

तर तुमच्या चित्राबद्दल. आपल्याकडे कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे, त्याच्या कलम ५७ मध्ये असं आहे की कलाकाराने हक्क विकून टाकले तरी हे माझं काम आहे असं म्हणायचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. दिल्लीचे शिल्पकार अमरनाथ सहगल ह्यांचं विज्ञान भवनातलं भलंमोठं भित्तिशिल्प १९७९ मध्ये सरकारने त्यांना न विचारता उतरवून गोदामात टाकलं, ते कोर्टात गेले, आणि दिल्ली हायकोर्टाचा निकाल आला २००५ मध्ये, ५ लाख भरपाई आणि उरलंसुरलं शिल्प परत. तिथे तर शिल्प सरकारच्या मालकीचं होतं. पुरवणीतल्या चित्राचे तुम्ही बहुधा पैसेही दिले नसतील, चुकत असेन तर सांगा.

आणि सापडत नाही म्हणू नका. मी लेखातल्या चित्राचा फोटो मोबाइलवर काढला, गूगल लेन्सवर टाकला, आधी पन्नास वॉलपेपरच्या साइट आल्या, मग एका वॉलपेपरच्या कोपऱ्यात अर्धवट कापलेली सही दिसली, ती मोठी करून पाहिली, तीन अक्षरं लागली, त्यावरून शोधलं. कुकरच्या चार शिट्ट्या होईपर्यंत चित्रकार सापडली. तिच्या पानावर तळाशी लिहिलंय की वापरण्याआधी विचारा, मी बहुतेक वेळा हो म्हणते. कंदीलवाली मुलगी पण कोणाचं तरी पात्र आहे, तिला नाव आहे, तिथेच दिलंय.

चित्रकाराचं नाव आणि पानाची लिंक मी वेगळ्या मेलने पाठवलीये. पुढच्या रविवारी ते लगेच छापून मोकळे होऊ नका, आधी तिला विचारा.

आपली,
एक वाचक, डोंबिवली पूर्व
(माझं नाव छापलं तरी चालेल, पण गंगूचं चित्र सोबत छापायचं असेल तर रत्नागिरीला फोन करावा लागेल.)