मांगरातली खोकी

डिचोली, गोवा
12 जुलै

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

पत्र हातात पडताच दादाला फोन कर आणि त्या भंगारवाल्याला थोपव. तो सगळा माल किलोवर मागतोय. रविवारी मी तुझ्या आजोबांच्या मांगरातली (शेडमधली) जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची खोकी उपसली. निम्म्याहून जास्त माल किलोवरच जायच्या लायकीचा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण उरलेला त्याच्या काट्यावर चढू देऊ नकोस.

आधी जीप. आजोबा खाणीवरच्या जीपा दुरुस्त करायचे हे ठाऊक होतं, म्हणून जीपच्या तोंडावरची जाळी दिसल्यावर आधी तिच्या उभ्या फटी मोजल्या. नऊ निघाल्या! युद्धानंतर विलीस कंपनीने काढलेल्या नागरी जीपला आणि पुढे महिंद्राच्या जीपला सात असतात. नऊ म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लष्करी जीप. तीही दोन कंपन्यांनी बनवली, विलीस आणि फोर्ड; दोघींच्या मिळून साडेसहा लाखांच्या आसपास. फोर्डचा खाक्या असा, की आपल्या कारखान्यातल्या भागांवर इंग्रजी ‘एफ’ ठोकायचा, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा. खोक्याच्या तळाशी गंजक्या बोल्टांचा बिस्किटाचा डबा आहे, त्यातले बरेच ‘एफ’वाले आहेत. फोर्ड जीप जशी होती तशी उभी करणाऱ्या माणसाला दुसरा बोल्ट चालत नाही. तो डबा वहिनींना सांगून घरात, कपाटात ठेवला आहे.

दुसऱ्या खोक्यात एक स्पीडोमीटर आहे, व्हीडीओ कंपनीचा, जर्मन. तबकडीच्या खालच्या कडेला मुंगीएवढे आकडे आहेत: 3 आणि 59. म्हणजे मार्च 1959. मैल नाहीत, किलोमीटर आहेत. त्या काळात मुंबईकडच्या गाड्यांना बहुधा मैलांचे काटे असत. गोव्यात पोर्तुगीज अमदानी, मापं मेट्रिक. त्यामुळे ही गाडी थेट मुरगाव बंदरात उतरली असावी असा माझा अंदाज. पाठीवरचा नंबर 111 ने सुरू होतो, म्हणजे फोक्सवॅगनची बीटल. (211 असता तर त्यांची व्हॅन.) काच शाबूत, काटा फिरतो. हा नग विकायचा असेल तर पहिला हक्क माझा, पण बाजारभावाने. मैत्रीत सूट नको.

ल्युकस या इंग्लिश कंपनीच्या नावाचे हेडलाइट दोन आहेत, आणि इथे नीट बघावं लागतं. जुन्या ल्युकस मालावर ‘मेड इन इंग्लंड’ आणि बहुतेक वेळा महिना-वर्षाचा ठसा असतो. मद्रासची ल्युकस-टीव्हीएस निघाली 1961 मध्ये, त्यामुळे ते नाव दिसलं की माल त्यानंतरचा. तुझ्याकडे एक इंग्लंडचा, एक मद्रासचा. जोडी जमत नाही. जोडी न जमलेल्या दिव्याला एकट्याचा भावही पुरता मिळत नाही, हे दादाला पटवणं कठीण जाईल. तिसरी एक सुटी काच आहे, तिच्यावर वर्तुळात ‘ई’ आणि शेजारी 1. ती खूण जर्मनीच्या मंजुरीची, आणि ती पद्धत 1958 च्या जिनिव्हा करारातून आली, म्हणजे काच त्याच्या आधीची असूच शकत नाही.

माझं मत विचारशील तर लोक इंजिनाच्या पोटातल्या भागांना उगाच मान देतात. बुश, पिन, गास्केट आपला फिटरसुद्धा करून देईल. खरी टंचाई असते बॅज, काचा, दारांच्या मुठी आणि डॅशबोर्डवरच्या बटणांची. त्यातही धातू ओळखावा लागतो. चकाकी गेलेली मूठ पितळेची असेल तर पुन्हा क्रोम चढतं. जस्ताच्या मिश्रधातूची असेल आणि तिला देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले असतील, तर प्लेटिंगवाला हात जोडतो. लोहचुंबक दोन्हींना चिकटत नाही, म्हणून आतून, न दिसणाऱ्या जागी हलकंच खरवडून बघायचं: पिवळं की राखाडी. फियाटच्या मुठींचा ढीग मात्र सोडून दे. तीच गाडी पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने नव्वदीच्या दशकाच्या अखेरीपर्यंत बनत होती, तिचे भाग अजून मिळतात.

दादाने काही भाग ‘चकाचक’ करायला काढलेत. कृपा करून त्याला थांबव. ग्राइंडरच्या तारेच्या ब्रशने ठोकलेले आकडे जातात आणि त्यांच्याबरोबर निम्मी किंमत. रॉकेल, जुना दातांचा ब्रश, नंतर तेलाचा हात, एवढंच. कार्बोरेटरला बऱ्याचदा स्क्रूखाली धातूची चिमुकली पट्टी असते, ती तर काढूच देऊ नको. तो कुठल्या गाडीचा हे तिच्यावरूनच कळतं. पावसाळ्यात मांगर ओला असतो, म्हणून लोखंडी माल मी माळ्यावर चढवला आहे.

नंबर ठोकलेला एक इंजिन ब्लॉक कोपऱ्यात आहे. कागद सापडेपर्यंत त्याचं नाव काढू नकोस. 2021 च्या जुलैत केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी नंबरप्लेटची वेगळी ‘व्हीए’ मालिका आणली, नव्या नोंदणीला 20,000 रुपये. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरबदल नको. तेव्हापासून अस्सल भागांची विचारपूस वाढली आहे, आणि नंबरवाल्या ब्लॉकवर डोळा ठेवणारे सगळेच सज्जन नसतात.

भाव ठरवताना विक्रेते मागतात ते आकडे बघू नकोस, मागायला कोण अडवतो? प्रत्यक्षात कितीला गेलं ते विचार, आणि तेही तशाच अवस्थेतल्या नगाला. जीपचा माल वेगळा ठेव, तो एकाच शौकिनाला एकगठ्ठा द्यावा. ल्युकसचे दोन्ही दिवे भंगारात नको, एखाद्या गॅरेजला देऊन टाक. उरलेलं खुशाल काट्यावर घाल.

गणेश चवथीला येशीलच, तेव्हा ब्लॉकचे कागद आजोबांच्या ट्रंकेत शोधू. ट्रंकेची किल्ली काकींकडे आहे म्हणतात, तेवढं आधी विचारून ठेव. काकींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक