अण्णांना, पावसाळा सरल्यावर

ती. अण्णांना,
सा. नमस्कार वि. वि.

घराच्या कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता काल चुकता केला. पाऊस सरला, भिंती आतून कोरड्या राहिल्या, मग त्याचे पैसे अडवून ठेवायला कारण उरलं नाही. एक पावसाळा बघितल्याशिवाय सगळी रक्कम हातावर ठेवायची नाही, ही अट तुम्ही करारात घालायला लावलीत तेव्हा त्याचं तोंड कडू झालं होतं. काल मात्र त्यानेच तुमची चौकशी केली. तोंडावर आभार मानले की तुम्ही "चाय घी आणि गप रव" म्हणता, म्हणून चारचौघांत लिहिते आहे. गावाकडे घर बांधायला निघालेल्या कुणाच्या उपयोगी पडलं तर आणखी बरं.

डोंबिवलीहून आम्ही आलो ते मोबाइलमध्ये टाइल्सचे आणि मॉड्युलर किचनचे फोटो घेऊन. तुम्ही मागितलात सातबारा. सामाईक, तेवीस नावं, त्यातली काही माणसं कधीच वारलेली, काही मुंबईत कुठल्या चाळीत ते कुणालाच ठाऊक नाही. "आधी हद्द दाखय, मगे घराचा बोलूया," एवढं बोलून तुम्ही उठलात. मग वारसनोंदी, चुलत सासऱ्यांच्या संमत्या, मोजणीचा अर्ज, हद्दीचे दगड. ह्यांची चिडचिड होत होती, कारण सगळी सुट्टी त्यातच जात होती. पण पलीकडच्या वाडीत एक घर जोत्यापर्यंत येऊन भावकीच्या हरकतीवर अडलंय आणि आता त्यात रान माजलंय, हे रोज जाता-येता दिसत होतं. त्यामुळे फार कुणी बोललं नाही.

नकाशा पुण्याहून करून आणला होता. देखणा होता. हॉलला पश्चिमेकडे अख्खी काचेची भिंत, कारण तिथून खाडी दिसते. तुम्ही कागद उलटसुलट करून एवढंच विचारलंत, "पाऊस खंयसून येता ता बघलंस काय?" आपल्याकडे कोकणात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस आणि त्याची झड पश्चिमेची. काचेच्या जागी आता दोन बेताच्या खिडक्या आहेत, त्यांच्यापुढे खोल पडवी. खाडी पडवीत बसूनही दिसते. सासूबाईंना स्वयंपाकघर आग्नेयेलाच हवं होतं आणि आर्किटेक्ट ते ऐकत नव्हता. तुम्ही वास्तुशास्त्राच्या वादात शिरलाच नाहीत. आपल्याकडचा वारा पश्चिमेचा, मग फोडणीचा धूर घरात फिरण्यापेक्षा पूर्वेकडून बाहेर गेलेला बरा, असं म्हणालात आणि दोघंही गप्प झाली. सांडपाणी जिरवायचा शोषखड्डा उताराच्या खालच्या अंगाला, विहिरीपासून जमेल तितका लांब, हेही तेव्हाच ठरलं. इथला जांभा दगड सच्छिद्र, त्यात मुरलेलं पाणी कुठे निघेल त्याचा भरवसा नाही, हे शहरातल्या माणसाच्या डोक्यात कुठून येणार?

सगळ्यात जास्त घोळ छपराचा झाला. गावात आता एक ठरून गेलंय: सपाट स्लॅब टाकायचा, दोन-तीन पावसाळ्यांत तो गळायला लागला की वर लोखंडी सांगाडा करून पत्रा चढवायचा. म्हणजे छपराचा खर्च दोनदा. मला कौलं हवी होती, ह्यांना स्लॅब. तुम्ही आमच्यापैकी कुणाचीच बाजू घेतली नाहीत. आम्ही वर्षातून इथे किती राहणार, मे महिन्यात कौलं परतायला माणूस कोण देणार, आणि माकडांची टोळी आली तर फुटलेली कौलं कोण बदलणार, हे विचारून आम्हाला पडवीत बसवून ठेवलंत. त्या प्रश्नांची खरी उत्तरं दिली तेव्हा छप्पर आपोआप ठरलं. राहत्या खोल्यांवर उतरता स्लॅब आणि त्यावर मंगलोरी कौलं, पडवीवर मात्र नुसते वासे आणि कौलं. तिथलं एखादं फुटलं तरी झोपमोड कुणाची होत नाही.

तुमचा टेप मी विसरणार नाही. पहिला वाळूचा डंपर आला तेव्हा चालकाने चिठ्ठी पुढे केली. तुम्ही ती खिशात घातलीत आणि चाकावर पाय देऊन वर चढलात. लांबी, रुंदी, मग वाळूची उंची, तीही चार ठिकाणी, कारण मधे ढीग आणि कडेला खळगा. गुणाकार करून शंभराने भागलंत, 100 घनफुटांचा एक ब्रास, आणि चिठ्ठीवर लिहिलेला आकडा खोडून आपला लिहिलात. भांडण नाही, आवाज नाही. पुढच्या गाड्या भरून आल्या. भिंतीच्या जांभ्या चिऱ्यांचंही तसंच. खाणीतून नुकता निघालेला चिरा मऊ असतो, हवा लागली की टणक होतो, म्हणून तुम्ही माल आधीच आणून अंगणात रचायला लावलात आणि पांढरट मातीचे गोळे असलेले चिरे बाजूला काढून परत पाठवलेत.

स्लॅबच्या दिवशी तुमचं खरं रूप बघितलं. मजूर सळयांच्या सांगाड्यावरून ये-जा करत होते आणि पायाखाली छज्ज्याची सळई दबत होती. भिंतीबाहेर अधांतरी असलेल्या छज्ज्याला ताण वरच्या अंगाने येतो, सळई खाली बसली की ती असून नसल्यासारखी, हे तुम्ही आधी मला समजावलंत आणि मग एका पोराला काँक्रीट पडेपर्यंत तेवढंच काम दिलंत: सळई उचलून खाली चेअर, म्हणजे तिला वर धरणारा टेकू, आहे का बघायचं. माल पुढे सरकेना म्हणून कुणीतरी मिक्सरमध्ये पाण्याचा पाइप धरला, तो तुम्ही स्वतः जाऊन बंद केलात. उतरत्या स्लॅबला माल घट्टच लागतो, पातळ केला की खाली घसरतो, आणि भरायचाही खालच्या कडेपासून वर. पुढे दोन आठवडे पोती ओली ठेवायची जबाबदारी मात्र सासूबाईंवर टाकलीत. ती निवड अचूक होती! त्यांनी शेजाऱ्यांनासुद्धा झोपू दिलं नाही.

आणि टाइल्स? रंग? नळ कुठल्या कंपनीचे? यातलं काहीही विचारलं की "ता तुमचा तुम्ही बघा." ओट्याच्या ग्रॅनाइटवरून आमच्या घरात आठवडाभर अबोला होता, तेव्हाही तुम्ही ढिम्म. बांधकाम खात्यात नोकरी केलेल्या माणसाला यातलं कळत नाही असं थोडंच आहे. जे नंतर फोडल्याशिवाय बदलता येत नाही त्यातच तुम्ही हात घालत होतात: जोत्याची उंची, जिन्याची जागा, पाण्याचा उतार, सळई. बाकीचं आमचं आम्हाला चुकू दिलंत, त्याचेही आभार. बाथरूमच्या काळ्या टाइलवर क्षाराचे डाग दिसतात, ते मी पुसते आहे.

पैशाचं पाकीट तुम्ही दोनदा परत पाठवलंत. तिसऱ्यांदा पाठवत नाही. त्याऐवजी काकूंकडे आंब्याची चार कलमं दिली आहेत, ती लावून घ्या.

कुंपणाचा गडगा दिवाळीनंतर काढतोय. चिरे सांगून ठेवलेत. पूर्वेकडचा हद्दीचा दगड पावसात थोडा कललाय आणि चुलत सासरे तो आधीपासूनच तसा होता म्हणतात, तेव्हा मोजणीचा नकाशा आणि टेप घेऊन एक दिवस या.

तुमची,
खालच्या वाडीतली सून