आधी आसन, मग मूर्ती: शाहूपुरीतील अण्णांना आभारपत्र

कोल्हापूर, ८ डिसेंबर

आदरणीय अण्णा,

सादर नमस्कार.

८ डिसेंबर १९६७ रोजी तत्कालीन सोव्हिएत संघातील रीगा येथे भारतीय नौदलाची पहिली पाणबुडी ‘आयएनएस कलवरी’ सेवेत दाखल झाली, म्हणून हा दिवस पाणबुडी दिन म्हणून पाळला जातो. आज सकाळी आमच्या शाळेच्या वाचनालयात मी जोडलेली ‘किलो’ वर्गाच्या पाणबुडीची प्लॅस्टिकची प्रतिकृती काचेच्या पेटीत ठेवली. या वर्गाच्या आपल्या नौदलातील पाणबुड्या ‘सिंधुघोष’ वर्गाच्या म्हणून ओळखल्या जातात. पेटीतील माहितीपत्रावर आपले नाव घालण्याची माझी विनंती आपण दोनदा नाकारलीत. जे तिथे लिहिता आले नाही ते आपल्या इच्छेचा मान राखून, नाव न घेता, इथे लिहीत आहे.

आषाढात मी प्रथम आपल्या मूर्तींच्या कारखान्यात आलो तेव्हा माझ्या हातात पहिल्या प्रतिकृतीचा बिघडलेला सांगाडा होता. प्रतिकृतीच्या किटचे (सुट्या भागांच्या संचाचे) प्लॅस्टिक पॉलिस्टायरीनचे असते आणि एनसी थिनर (नायट्रोसेल्युलोज रंग पातळ करण्याचे द्रावण) ते विरघळवतो, हे मला माहीत नव्हते. घरातला उरलेला रंग त्या थिनरमध्ये पातळ करून मी मारला आणि महिनाभराच्या कामावर सुरकुत्या पडल्या. त्या दिवसांत कुंभार गल्लीत कोणाला मान वर करायला सवड नसते, आपल्या मांडवात तर रंगाची वाट पाहणाऱ्या मूर्तींच्या रांगा लागल्या होत्या. तरीही आपण हातातली स्प्रे गन खाली ठेवलीत, सांगाडा उजेडाकडे धरलात आणि रागावण्याऐवजी, किटमधले भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात तिचे रिकामे तुकडे फेकून देतोस काय, एवढेच विचारलेत. तेव्हापासून कोणताही रंग मी आधी त्या तुकड्यावर मारून पाहतो.

दुसरे किट घेऊन आलो त्या दिवशी आपण विचारलेला प्रश्न मला या छंदातील सर्वात महत्त्वाचा वाटतो: “ही बसणार कशावर?” किटच्या सूचनापत्रात मांडणीविषयी अवाक्षरही नव्हते आणि मीही ती शेवटी पाहू असे धरून चाललो होतो. मूर्तीचे आसन आधी ठरते, कारण तोल आणि पाहणाऱ्याची नजर दोन्ही त्यावर अवलंबून असतात, हे आपण समोरच्या मूर्तीचा पाट दाखवून समजावलेत. खरी पाणबुडी ७२.६ मीटर लांबीची आहे, म्हणजे १:१४४ या प्रमाणात माझी प्रतिकृती अर्ध्या मीटरची होणार होती; एवढा लांब सांगाडा दोन खांबांवर धरायचा तर आतले नट सांगाड्याचे दोन्ही अर्धे चिकटवण्याआधीच पक्के बसवायला हवेत, नंतर आत हात जात नाही. उद्यमनगरात कातून आणलेले पितळी खांब आज त्याच नटांत घट्ट बसले आहेत.

सांध्याच्या कामाला सर्वात जास्त दिवस लागले आणि त्याबद्दल मी आपला विशेष ऋणी आहे. जहाजाच्या प्रतिकृतीत कठडे, तोफा, होड्या यांत एखादा सांधा लपून जातो, परंतु पाणबुडीचे अंग गोल आणि सलग असते, त्यावरून उजेड या टोकापासून त्या टोकापर्यंत घसरतो आणि केसाएवढी रेघही उघडी पडते. आपण बल्ब आडवा, अगदी पाटाच्या पातळीवर धरायला शिकवलेत, लांबी (फट बुजवायची पुट्टी) एकदाच जाड न भरता पातळ थरांत भरायला शिकवलेत आणि पॉलिश पेपर पाण्यात भिजवून कोणत्या दिशेने फिरवायचा तेही दाखवलेत. अस्तराचा करडा हात मारला की दडलेले ओरखडे दिसत, मग पुन्हा लांबी, पुन्हा पेपर, पुन्हा अस्तर. हे चक्र पाच वेळा झाले. त्या पाचही वेळा आपण माझ्या सांगाड्याला स्वतः हात लावला नाहीत. शेजारच्या मूर्तीच्या खांद्यावरचा सांधा घासून दाखवलात आणि माझा मला करू दिलात.

काळ्या रंगाचेही तसेच. या पाणबुडीच्या अंगावर ‘सोनार’ या पाण्याखालच्या ध्वनिशोध यंत्रणेच्या लहरी शोषून घेणाऱ्या रबरी फरश्या असतात, त्यामुळे तिचा काळा रंग चकाकणारा नसून मंद असायला हवा. विठ्ठलाच्या मूर्तीला आपण बाटलीतला काळा तसाच कधी देत नाही, त्यात थोडा करडा आणि किंचित निळा मिसळता, नाहीतर नाक-डोळे त्या काळ्यात बुडून जातात. लहान प्रतिकृतीतही शुद्ध काळा असाच सारे बारकावे गिळतो. फरश्यांच्या रेषा आज दिसतात त्या आपल्या मिश्रणामुळे.

जलरेषेखालचा तांबूस भाग रंगवताना आपण आपला सपाट पाट आणि पेन्सिल बांधलेला लाकडी ठोकळा दिलात. सांगाडा स्थिर ठेवून ठोकळा भोवती फिरवला आणि गोल अंगावर एका पातळीची रेघ उमटली. (शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून जहाजांच्या तळाला तांब्याची संयुगे असलेला रंग देत आले आहेत, तो तांबूसपणा तिथून आला.) रंग अडवायला लावलेल्या चिकटपट्टीच्या कडेवर आधी खालचाच रंग उडवायचा, म्हणजे फट भरते आणि वरचा रंग आत झिरपत नाही, ही युक्ती आपण पीतांबराच्या काठासाठी वापरता. डोलकाठ्या आणि पेरिस्कोपसाठी मी इंजेक्शनच्या सुया कापून वापरल्या. त्या कामात काही विशेष नव्हते.

चतुर्थीच्या आठ दिवस आधी, पावसाळी रात्री, माझ्या कॉम्प्रेसरने रंगाबरोबर पाण्याचे थेंब फेकले आणि काळ्या थरावर व्रण पडले. दमट हवेत टाकीत पाणी साचते, ते खालची चावी उघडून रोज सोडायचे असते, हे मी विसरलो होतो. रात्री दहानंतर फोन केला तेव्हा आपल्याकडे डोळ्यांची आखणी चालू होती, तरी आपण मला बोलावून घेतलेत, स्वतःचा कॉम्प्रेसर माझ्यासाठी मोकळा केलात आणि काकूंनी पहाटे चहा दिला. त्या रात्रीचे काय मोल आहे ते ऐन हंगामातील मूर्तिकारालाच ठाऊक असेल. काकूंनाही माझा नमस्कार सांगावा.

आज एका विद्यार्थ्याने पेटीभोवती दोन चकरा मारून विचारले की हिचे दोन भाग कुठे जोडले आहेत. मी त्याला ती जागा दाखवू शकलो नाही, कारण मलाच ती सापडली नाही.

आपला पाट आणि लाकडी ठोकळा अजून माझ्याकडे आहे. येत्या रविवारी ते घेऊन येतो, आणि आपली परवानगी असेल तर पुढच्या पाणबुडीचे न जोडलेले दोन अर्धेही सोबत आणतो. तिच्या आसनाचे मोजमाप या वेळी आधीच काढले आहे.

आपला कृतज्ञ,
शाहूपुरीच्या मांडवात शिकलेला एक शिक्षक