पायांत काहीतरी घाल

प्रिय सानू,

रविवारी फोन ठेवल्यावर ठरवलं होतं, खोकल्याबद्दल अक्षर लिहायचं नाही. तू ‘बरी आहे गं’ म्हणालीस, विषय संपला. बारा मिनिटांत चार वेळा खोकलीस, हे मी नाही मोजलं, बाबांनी मोजलं.

तर घर बदलायचं म्हणालीस, त्याबद्दल. सेन्योरा, म्हणजे तुझी स्पेनमधली घरमालकीण, जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर ओरडली आणि तू ताट तसंच टाकून खोलीत गेलीस. इतकी वर्षं पोरांना स्पॅनिश शिकवून तिकडच्या घरांत पाठवतेय, दर नोव्हेंबरला असा एक तरी फोन येतोच. आपल्याच घरातून येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

‘पोन्ते लास थापातियास!’, म्हणजे ‘चपला घाल!’, हे ओरडणं नव्हे गं. तिकडे घरात ‘पोर फावोर’, म्हणजे ‘प्लीज’, लावायची पद्धत कमी, आणि आवाज सगळ्यांचाच चढा. आपण ‘अगं, चपला घाल की’ म्हणतो ना, त्यातला ‘की’ त्यांच्या सुरात असतो, शब्दात नसतो. आपण चपला दाराशी काढतो आणि अनवाणी फिरणं स्वच्छ मानतो. तिला अनवाणी पाय घाणेरडे वाटतात, शिवाय थंडी पायांतून चढते ही तिची पक्की समजूत. आजी कानाला रुमाल बांधायला लावते तशीच. सालामांका सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे, हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली जातो, आणि खाली फरशी. घरात घालायच्या थापातियास वेगळ्या मिळतात, आत लोकर असलेल्या. आजच्या आज घे. बाहेरचे बूट घालून आत फिरू नकोस, तेही तिला चालायचं नाही.

रात्री पेर्सियाना, ती खिडकीबाहेरची गुंडाळायची झडप, पूर्ण खाली ओढतेस ना? फटी उघड्या ठेवल्यास तर काचेतून सगळी ऊब जाते. सकाळी दहा मिनिटं खिडकी उघडायची, मग बंद. जुन्या इमारतींत कालेफाक्थिऑन, म्हणजे घर गरम ठेवायची यंत्रणा, सगळ्या घरांना मिळून एकच असते, ठरल्या तासांनाच चालते; रात्री रेडिएटर गार पडला म्हणून तिच्यावर रुसायचं नाही, ते तिच्या हातात नसतं. जास्तीचं पांघरूण माग, ‘मे दास ओत्रा मांता?’ एवढं म्हटलं की पुरे. रेडिएटरवर ओले मोजे वाळत टाकू नकोस. ते आतल्या चौकातल्या दोरीवर, चिमटे लावून. आणि ओल्या केसांनी झोपू नकोस. हे खोकल्यावरून नाही म्हणत.

आंघोळीचं तिनं सांगितलं ते कंजूषपणाचं समजू नकोस. तुमच्याकडे बुतानोची, म्हणजे गॅसची, नारिंगी टाकी आहे म्हणालीस. ती १२.५ किलोची, आपल्या १४.२ किलोच्या सिलिंडरपेक्षाही लहान, आणि त्यावरच गरम पाणी. साबण लावताना नळ बंद ठेवायचा, पाच-सात मिनिटांत बाहेर. मध्येच पाणी गार आलं तर टाकी संपली असेल. ती बदलायची तिनंच, तू रेग्युलेटरला हात लावायचा नाहीस. वॉशिंग मशीन शनिवारी किंवा मध्यरात्रीनंतर लावते त्याचंही कारण आहे. बऱ्याच घरांत विजेचा दर तासावर असतो: सोमवार ते शुक्रवार सकाळी १० ते २ आणि संध्याकाळी ६ ते १० सगळ्यात महाग, रात्री १२ ते सकाळी ८ आणि शनिवार-रविवार स्वस्त. दुपारी बारा वाजता हेअर ड्रायर लावून बसलीस तर ती दारात येणारच.

आता खाण्याचं. ‘मी शाकाहारी आहे’ एवढं सांगून तिकडे भागत नाही, कारण ‘कार्ने’, म्हणजे मांस, म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर मोठा तुकडाच येतो, खामोन, म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस, त्यात मोजतच नाहीत. सगळी नावं घ्यावी लागतात: ‘नो कोमो कार्ने, नि खामोन, नि चोरिथो, नि पेस्कादो, नि आतून.’ चोरिथो म्हणजे डुकराचं सॉसेज, पेस्कादो म्हणजे मासे, आतून म्हणजे टूना मासा. मिक्स सॅलडमध्ये हा आतून असतोच, नावाला जागून पानांखाली आतून निघतो. मसुरीच्या आमटीत चोरिथो शिजवतात, मग तुकडे काढून उरलेली तुला वाढतात. तिच्या मते ती शाकाहारी झाली. तिला आधीच सांग, ‘लेन्तेखास, पेरो सिन चोरिथो’, तुझ्यापुरती वेगळ्या पातेल्यात. सूपचा काल्दो, म्हणजे उकळून काढलेलं पाणी, कशाचा ते विचार. नाताळात पोल्वोरोनेस, ती भुसभुशीत गोड बिस्किटं, समोर येतील, त्यांत बहुधा डुकराची चरबी असते, वेष्टनावर ‘मान्तेका दे थेर्दो’ लिहिलंय का बघून घे. अंडं तुला चालतं, म्हणजे तोर्तिया दे पातातास, बटाट्याचं जाड ऑम्लेट, हा तुझा आधार. खरं म्हणजे विचारायचं एवढंच आहे. पण तुला विचारायचीच भीड. बाबांवर गेलीस. तिसरीत ताप लपवून गॅदरिंगला नाचलीस, आणि मग मिरजेच्या आत्याकडे जे झालं ते झालं. असो. लेक्चर झालं, माफ कर. तू एकवीस वर्षांची आहेस हे मला लिहिताना आठवतं, बोलताना आठवत नाही.

भूक लागते म्हणालीस ती वेळांमुळे. सकाळी कॉफी आणि टोस्ट, मग थेट दुपारी अडीच, मग रात्री साडेनऊ. मधे अकराला बारमध्ये तोर्तियाचा एक पिंचो, म्हणजे छोटा तुकडा, सहाला मेरिएन्दा, म्हणजे बिस्किटं-फळ काहीही. दुपारचंच पोटभर जेव, तेच मुख्य. एखाद्या वेळी जेवायला नसशील तर सकाळीच सांग. तिनं बनवून ठेवलेलं वाया गेलं की ती खरी चिडते. जेवण झालं की लगेच उठू नकोस, वीस मिनिटं बस, त्या गप्पांतच तुझी भाषा सुधारेल. मेसा कामियाच्या, त्या जमिनीपर्यंत कापड सोडलेल्या टेबलाच्या, पांघरुणात पाय घालून बस, खाली ब्रासेरो, म्हणजे शेगडी, असतो, शेकले जातील. पांघरूण त्याला चिकटू देऊ नकोस, भाजतं.

एवढं करूनही जमलं नाही तर बदल घर. मी अडवत नाही. पण चिडून नाही. आधी कोर्सच्या समन्वयकाशी बोल, तिच्याशी नाही. किती दिवस आधी सांगायचं ते करारात असतं. पत्ता बदलला की आयुंतामिएन्तोत, म्हणजे नगरपालिकेत, जाऊन पद्रोन, म्हणजे रहिवासाची नोंद, बदलावं लागतं, नवीन घरमालकाची सही आणि त्यांच्या ओळखपत्राची प्रत लागते, ती द्यायला काही जण कुरकुरतात. आधीच विचारून ठेव. परदेशी नागरिकांच्या कार्यालयातही नवा पत्ता कळवायचा. बोटांचे ठसे झाले, पावती आहे, पण टीआयई, म्हणजे परदेशी नागरिकाचं ओळखपत्र, ते कार्ड अजून हातात नाही ना? ती पावती जप, कार्ड घ्यायला स्वतः जावं लागतं. नाताळात घरी यायचं मनात असेल आणि कार्ड आलं नसेल तर आधी ‘आउतोरिथाथिऑन दे रेग्रेसो’, म्हणजे परत येण्याचा परवाना, काढ, नाहीतर परत जाताना विमानतळावर अडकशील. याच असं म्हणत नाही. आजी विचारत होती एवढंच.

आणि हो, फार्मासियात गेलीस आणि तिथल्या बाईंनी ‘कॉन्स्तिपादा’ म्हटलं तर दचकू नकोस, तिकडे त्याचा अर्थ सर्दी. पोट साफ होत नसेल त्याला ‘एस्त्रेन्यिदा’. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही. ‘तोस सेका’ म्हणजे कोरडा खोकला, ‘तोस कॉन फ्लेमास’ म्हणजे कफाचा. कुठला आहे ते तुलाच सांगावं लागेल, कारण दोन्हींची औषधं वेगळी. ताप आला किंवा आठवडा उलटला तर विमा कंपनीच्या यादीतला डॉक्टर गाठ, फोन करून वेळ घे, कार्ड ने. रात्री श्वासाला त्रास झाला तर ११२. बघ, ठरवलं होतं लिहायचं नाही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तुमची घड्याळं मागे गेली, आता साडेचार तासांचा फरक. तुझ्या रात्रीच्या जेवणाला आमचे दोन वाजतात, बाबा तरी जागे राहतात. बुधवारी दुपारी अडीचला, टेबलावर बसायच्या आधी फोन कर, इकडे सात वाजलेले असतील. आणि खोकला आला की माईक बंद करतेस ते कळतं गं मला.

आई