कॉम्प्युटर कुठे अडतोय, ते आधी बघा

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, 'कॉम्प्युटर चालू होत नाही' एवढ्यावरून काय बिघडलंय ते सांगता येत नाही. मशीन नेमकं कुठपर्यंत जातं आणि कुठे थांबतं, ते कळायला हवं. दिवा-पंखा काहीच नाही, पंखा फिरतो पण स्क्रीन काळी, स्क्रीनवर इंग्रजी ओळी येऊन थांबतं, की विंडोजचं चिन्ह येऊन गोल गोल फिरत राहतं? प्रत्येकाचं कारण वेगळं आणि उपायही वेगळा. दुकानात मात्र चारही तक्रारींना 'फॉरमॅट मारावा लागेल' हे एकच उत्तर ऐकायला मिळू शकतं. त्याला हो म्हणू नका. फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून टाकणं, त्यात फोटो-फाइल्स सगळं जातं.

काहीच हालचाल नसेल तर दोष बहुतेक वेळा विजेच्या वाटेवर असतो. त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून बघा. मग मधला यूपीएस बाजूला काढा आणि कॉम्प्युटर थेट भिंतीवरच्या तीन पिनांच्या सॉकेटला लावा. यूपीएसची बॅटरी तीन-चार वर्षांत थकते. दिवा लागलेला दिसतो, पण लोड आला की यूपीएस मान टाकतो. कॉम्प्युटरच्या डब्याच्या (सीपीयू म्हणतात त्याच्या) मागे जिथे वायर जाते तिथे एक छोटा स्विच असतो. त्याची आडव्या रेषेची बाजू दाबलेली हवी, गोलाची नको. केर काढताना तो सहज बंद होतो. मॉनिटरची वायर बहुधा त्याच जातीची असते, तेव्हा ती डब्याला लावून बघा म्हणजे वायरचा संशय मिटेल. एवढं करूनही थंडच असेल तर वायर पूर्ण काढा, पुढचं बटण ३० सेकंद दाबून धरा, पाच मिनिटं थांबा आणि पुन्हा लावा. व्होल्टेज वरखाली झालं की आतला वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, स्वतःला बंद करून घेतो आणि साठलेला चार्ज गेल्याशिवाय उठत नाही. तरीही नाही उठला तर तो बहुधा गेला, बदलून घ्या. पण एसएमपीएसचा हा छोटा डबा घरी उघडायचा नाही. वायर काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब शिल्लक राहू शकतो.

पंखा फिरतोय पण स्क्रीन काळी, हा प्रकार आपल्याकडे पावसाळ्यात जास्त. आधी मॉनिटरचं स्वतःचं बटण बघा. 'नो सिग्नल' दिसत असेल तर मॉनिटर ठीक आहे, त्याच्यापर्यंत चित्र पोहोचत नाही. निळ्या टोकाची केबल काढून परत बसवा, दोन्ही स्क्रू हाताने आवळा. मग कीबोर्डवर नम लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो आहे का? होत असेल तर मशीन आतून चाललंय, फक्त चित्र येत नाही. दिवा ढिम्म असेल तर पहिला संशय रॅमवर, म्हणजे मशीनच्या तात्पुरत्या स्मृतीच्या पट्टीवर.

कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर मळाचा पातळ थर धरतो आणि संपर्क तुटतो. हा उपाय आईने करावा, तिचा हात हलका आहे. वायर काढ आणि डबा आडवा असा ठेव की समोरून बघताना डाव्या हाताला येणारी बाजू वर येईल. मागचे दोन स्क्रू काढून ते झाकण मागे सरकव. आत हात घालण्याआधी डब्याच्या रंग नसलेल्या धातूला एकदा बोट लाव, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. रॅम म्हणजे साधारण तेरा सेंटिमीटर लांबीची उभी पट्टी, टोकाला चाप असलेल्या खाचेत बसवलेली. चाप बाहेर दाबला की ती सुटते. कडांना धर, सोनेरी भागाला बोट लावू नकोस. पांढऱ्या खोडरबराने दोन्ही बाजू हलक्या हाताने पुसून घे आणि रबराचा चुरा कोरड्या सुती कापडाने झटक. तोंडाने फुंकर नको, थुंकीचा ओलावा जातो. सॅंडपेपर तर मुळीच नको, सोन्याचा मुलामा निघून जाईल. पट्टीतली खाच आणि जागेवरचा उंचवटा जुळव, मग दोन्ही अंगठ्यांनी सरळ दाब. चाप 'टक' करून आपोआप आत यायला हवा. जोर लागतो, घाबरू नकोस. पट्ट्या दोन असतील तर एकेक लावून चालू करून बघ. एकीवर चालतो आणि दुसरीवर नाही, असं दिसलं तर दोषी सापडली.

स्क्रीनवर ओळी येत असतील तर त्यांचा फोटो काढा, भाषांतर करत बसू नका. 'सीमॉस' (CMOS) हा शब्द दिसला किंवा तारीख कुठल्या तरी जुन्या सालात गेली असेल तर मदरबोर्डवरचा, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डवरचा, बटण सेल संपलाय. सीआर २०३२, ३ व्होल्ट, घड्याळवाल्याकडेही मिळतो. अधिक चिन्हाची बाजू वर ठेवून बसवा आणि तारीख-वेळ नीट लावा. तारीख चुकली की बँकेच्या साइटही उघडत नाहीत, कारण त्यांच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत तारखेवरून तपासली जाते. सेल बदलल्यावर विंडोज निळी स्क्रीन दाखवू लागलं तर फॉरमॅट नको. सेल काढल्याने डिस्कची 'साटा मोड' ही सेटिंग बदललेली असू शकते, ती बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगच्या पानावर, पूर्वीसारखी केली की झालं. ते पान कसं उघडायचं ते खाली आहे.

'बूट डिव्हाइस' असे शब्द दिसले तर आधी मागे-पुढे लावलेले सगळे पेनड्राइव्ह काढा. अनेकदा मशीन त्यातच विंडोज शोधत बसतं. तरी तेच आलं तर चालू करताना डिलीट किंवा एफ-२ दाबत राहा, बायोसचं पान उघडेल. तिथे हार्ड डिस्कचं नाव दिसतं का बघा. नसेल तर मशीन बंद करून, वायर काढून, डिस्कच्या मागच्या दोन केबल, अरुंद आणि रुंद, काढून घट्ट बसवा.

हे करताना कान द्या. डिस्कमधून ठरावीक तालात टक्-टक् आवाज येत असेल तर लगेच बंद करा आणि परत चालू करूच नका. आतलं वाचणारं टोक जागा शोधताना धडपडतंय. तबकडीला ते घासलं तर लग्नाचे आणि नातवंडांचे फोटो कायमचे जातील. प्रत्येक 'अजून एकदा बघू' नुकसान वाढवतं.

विंडोजचं चिन्ह येऊन फिरत राहिलं आणि डब्यावरचा डिस्कचा छोटा दिवा लुकलुकत असेल तर तासभर थांबा, अपडेट चालू असेल. दिवा स्थिर किंवा विझलेलाच असेल तर बटण दाबून बंद करा, पुन्हा चालू करा. सुरुवात दोन-तीनदा फसली की विंडोज आपणहून दुरुस्तीचं पान उघडतं. 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून 'स्टार्टअप रिपेअर' निवडा. नाही जमलं तर तिथेच शेवटचं अपडेट काढून टाकायची सोय आहे. 'रीसेट' या बटणाला मात्र हात लावायचा नाही. फाइल्स ठेवायचा पर्याय निवडला तरी बाबांचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर जाईल.

दुकानात न्यायची वेळ आली तर फक्त डबा न्या. 'डिस्कची कॉपी झाल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही' हे पावतीवर लिहून घ्या. एसएमपीएस किंवा रॅम बदलायला सांगितलं तर खुशाल बदला, जुना भाग परत मागा. मदरबोर्ड बदलायला सांगितला तर नको म्हणा. आपलं विंडोज १० आहे, त्याची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. इतक्या जुन्या मशीनमध्ये तेवढे पैसे घालण्यात अर्थ नाही. आणि स्क्रीनवर 'या नंबरवर फोन करा' असं आलं तर तो फोन करायचा नाही. विंडोज बनवणारी मायक्रोसॉफ्ट कंपनी असे नंबर दाखवत नाही.

व्हिडिओ कॉल कराल तेव्हा डबा खिडकीसमोर नको, फोनला उजेड समोरून येतो आणि आतलं काही दिसत नाही. टॉर्च हाताशी ठेवा, काढलेले स्क्रू वाटीत ठेवा. मी रात्री नऊनंतर मोकळी असते.

तुमची लेक