मुक्तागिरीची देवळे बातमीत का नाहीत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत 'पावसाळी सहली'च्या पानावर मुक्तागिरीच्या धबधब्याचा मोठा फोटो पाहिला. परतवाड्याहून कसे जायचे, गाडी कुठे लावायची, सगळे दिले होते. डोंगरावरच्या जैन देवळांच्या वाट्याला मात्र एकच ओळ. वाचून फार वाईट वाटले.

आम्ही जैन नाही, संत्र्याच्या पट्ट्यातले शेतकरी. पण आमच्याकडे कुणी मुक्तागिरीला 'फिरायला' जात नसे, 'दर्शनाला' जात असे. आजी खालीच वहाणा काढायची, आम्हा पोरांनाही काढायला लावायची. मेंढ्याची गोष्ट तिनेच सांगितलेली. ध्यानस्थ मुनींसमोर डोंगरावरून एक मेंढा कोसळला, मुनींनी मरत्या जिवाच्या कानात जैनांचा णमोकार मंत्र म्हटला आणि तो मेंढा देव झाला. म्हणून हा मेंढागिरी. पुढे त्या देवाने मोत्यांचा वर्षाव केला म्हणून मुक्तागिरी. अष्टमी-चतुर्दशीला इथे केशराचे थेंब पडतात, अशीही श्रद्धा आहे.

महसुली हद्दीने हा डोंगर मध्य प्रदेशात, बैतूल जिल्ह्यात मोडतो. पण निर्वाणकांडात, म्हणजे जैनांच्या मोक्षस्थळांना वंदन करणाऱ्या जुन्या प्राकृत स्तोत्रात, त्याचा पत्ता आपल्याच गावावरून दिला आहे: अचलपूरच्या ईशान्येला मेंढागिरीचे शिखर, तिथून साडेतीन कोटी मुनी मोक्षाला गेले. म्हणून दिगंबर जैनांसाठी हे सिद्धक्षेत्र, म्हणजे मोक्षाची भूमी आहे. वऱ्हाडच्या एका गावाचे नाव इतक्या जुन्या पाठात रोज घेतले जाते, हे आपल्या किती मुलांना ठाऊक आहे?

डोंगरावर ५२ देवळे आहेत. दहावे मेंढागिरीचे, खडकात कोरलेले, धबधब्याजवळच. सव्विसावे तीर्थंकर पार्श्वनाथांचे. बरीचशी देवळे सोळाव्या शतकातली आणि त्यानंतरची. त्यांचे घुमट आणि कमानी पाहाव्यात; अचलपूर ही इमादशाहीची, म्हणजे वऱ्हाडच्या सुलतानांची राजधानी होती, तिथल्या मुसलमानी बांधणीचे वळण जैन देवळांवर स्पष्ट दिसते. चढून-उतरून सहाशेच्या आसपास पायऱ्या होतात, पण माणूस थांबत थांबत गेला तर थकवा जाणवत नाही.

एक गोष्ट तर छापायलाच हवी होती. एके काळी लोक जोडे घालून, हत्यारे घेऊन या डोंगरावर शिकारीला चढत. ते थांबावे म्हणून १९२८ साली अचलपूरचे नत्थूसा पासूसा कलमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खापर्ड्यांच्या मालगुजारीतून (जमीनदारीतून) हा डोंगरच विकत घेतला. पदरचे पैसे घालून राखलेल्या त्या जागेत गेल्या श्रावणात मी पायऱ्यांवर कुरकुऱ्यांची पाकिटे वेचली. देवळाच्या ओट्यावर बूट घालून फोटो काढणारी पोरे आपल्याच भागातली होती. त्यांना कुणी सांगितलेच नसेल तर दोष एकट्या त्यांचा कसा म्हणावा?

आपला अंक गावोगाव जातो. पुढच्या पावसाळ्यात धबधब्याचा फोटो अवश्य छापा, पण सोबत मेंढ्याची गोष्ट, दहाव्या देवळाचा फोटो आणि 'वहाणा खाली काढाव्यात' एवढी सूचना चौकटीत द्यावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक
(ता. अंजनगाव सुर्जी, जि. अमरावती)