शिबिराची तारीख ओढ्याला विचार

गिरगाव, मुंबई
२० सप्टेंबर

प्रिय मंगेश,

कॉलेजात एनएसएसचा (राष्ट्रीय सेवा योजनेचा) कार्यक्रम अधिकारी झालास, अभिनंदन! जव्हारकडच्या दत्तक गावात वनराई बंधारा, म्हणजे मातीच्या गोण्या रचून ओढा अडवायचा बांध, घालायचा म्हणतोयस, तर तो डिसेंबरच्या सात दिवसांच्या शिबिरावर टाकू नकोस. तोवर लहान ओढ्यांची धार करंगळीएवढी होते, मग अडवायचं काय? पाऊस पक्का थांबला की ऑक्टोबरअखेरीस उरकून घे. वर्षाचे १२० तास नियमित कामाचे असतातच, त्यातले शनिवार-रविवार काढ. तेव्हा गाव भातकापणीत असतं, म्हणून माणसं मागू नकोस. जागा दाखवायला एखादा जाणता बाबा पुरे.

धर, ओढा सहा मीटर रुंद आणि बंधारा एक मीटर उंच. सिमेंटची रिकामी गोणी मातीने दोन तृतीयांश भरून शिवली की साधारण ६० सेंमी लांब आणि १५ सेंमी जाड बसते, म्हणजे सात थर. खालचे दोन थर तीन-तीन गोण्या रुंद, मधले तीन दोन-दोन, वरचे दोन एकेरी. झाल्या १४०. काठात घुसवायच्या आणि फाटक्या धरून २०० ने. गोण्या मुंबईत बांधकामांवर मिळतात. तिथेच झटकून घे, ओढ्यात धुवायच्या नाहीत. दाभण आणि सुतळी हमखास घरी राहते!

गच्च भरलेली गोणी गोल राहते आणि फटी पडतात. सांधे एकावर एक येऊ देऊ नकोस. गळती होते ती खालून आणि कडेने. म्हणून तळाची वाळू-पाचोळा काढून चिकणमाती चोप, दोन्ही काठांत गोण्या अर्धा मीटर आत घुसव, पाण्याच्या अंगालाही माती तुडवून लाव. माथा मधोमध एक थर खाली ठेव, नाहीतर पाणी काठ कापून बाजूने पळतं. सांडवा पडतो तिथे दगड रच.

पाणी उथळ होत होत ४० मीटर मागे तुंबलं तर साठा साधारण १ लाख २० हजार लिटर. ऐकायला भरपूर. पण गुंठाभर भाजीला दिवसाला ४५० लिटर लागतं. दहा गुंठ्यांना हा साठा महिनाभरही पुरत नाही. खरी भिस्त मागून येणाऱ्या झिरपेवर, म्हणून तारखेचा एवढा हट्ट. वाल भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर निघतो, पाणी भाजीलाच ठेवा. कुणाचे दहा गुंठे, ते ग्रामपंचायतीच्या ठरावातच लिहून घे. भांडणं तिथेच होतात.

डिसेंबरच्या शिबिराचा तांदूळ मुंबईहून नेऊ नकोस. पन्नास जणांना दोन वेळचा दिवसाला दहा किलो, म्हणजे ७० किलो. त्याला ११० किलोच्या आसपास भात भरडावं लागतं, तेव्हा बचत गटाला पंधरा दिवस आधी सांग आणि पैसे रोख दे.

मे महिन्यात गोण्या काढायची तारीखही आत्ताच ठरव. उन्हाने त्या विरतात आणि पहिल्या पुरात चिंध्या शेतात जातात. बॅनर धरून फोटो काढायला सगळे येतात, या कामाला चारजणही मिळत नाहीत. ती चार नावं आधी पक्की कर.

तुझा,
सुहास